गाळलेला 'जाऊन ये'

क्योतोत न्हाव्याच्या, औषधवाल्याच्या नाहीतर तोफूवाल्याच्या दुकानाचं दार सरकवताना डोक्यावरून एखादी बाई "या, या" म्हणाली असेल, तर मिझोगुचीबाईंची आणि तुमची ओळख झालेली आहे. बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. दारावरच्या घंटा मात्र आम्ही चांगल्या बनवल्या होत्या, त्या अजून बोलतात. माझ्या गल्लीतल्या औषधवाल्याने तर परवा आपल्या घंटेत नवी बॅटरी घातली. मी त्या दुकानात जात नाही, सर्दीच्या गोळ्या आणायलासुद्धा नदीपलीकडे जातो. लोक म्हणतात, ओकुमुरा म्हातारपणी विक्षिप्त झालाय. म्हणू देत.

आमची कंपनी घंटांची. घराच्या, दुकानाच्या, दवाखान्याच्या. मी आवाज भरण्याच्या खात्यात होतो आणि हिसाए मिझोगुची खालच्या मजल्यावर टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या. ठेंगण्या, रुंद, चष्म्याला साखळी, गालात सदानकदा खारवलेल्या आलुबुखाराची बी. कुणाला सोडायच्या नाहीत. मी नवा होतो तेव्हा रोज सकाळी विचारायच्या, "ओकुमुरा, शर्टाला इस्त्री केलीस की रात्रभर त्यावर झोपलास?" पण फोन उचलला की तोच आवाज असा व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यासाठी चहा टाकलेला आहे. बोलक्या घंटेसाठी बाहेरून कुणा नटीला आणायचं चाललं होतं. एक दिवस मालकांनी घरून फोन केला, तो बाईंनी उचलला, आणि नटीचा विषय तिथेच संपला.

त्यांचा नवरा लवकर गेला. मुलगा एकच, योइची. तोही एकोणिसाव्या वर्षी बिवा सरोवराच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे.

मग मालकांच्या डोक्यात खेळाच्या यंत्राचं खूळ शिरलं. काळच तसा होता. आमच्या शहरातली बडी कंपनी आणि टोकियोची तितकीच बडी कंपनी, टीव्हीला जोडायच्या यंत्रांवरून एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. एकीने किंमत उतरवली की दुसरी उतरवायची. एकीचा खेळ बनवणारा कारागीर दुसरी उचलून न्यायची. शाळांमध्ये पोरांचे दोन तट पडले होते, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. या धुमश्चक्रीत आम्ही घंटावाले उतरलो. आमचं यंत्र म्हणजे 'अकारी'. अकारी म्हणजे दिवा, पण तो किती वेळ तेवणार हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

या कामासाठी कादोवाकी नावाचे साहेब टोकियोहून आणले होते. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "त्यांच्या यंत्रांत रंग जास्त, वेग जास्त, खेळ जास्त. त्यात आपण त्यांना जन्मात गाठत नाही. पण त्यांची यंत्रं मुकी आहेत. पोर शाळेतून येतं, घर रिकामं, आई कामावर. त्याला 'आलास?' कोण म्हणतं? आपलं यंत्र म्हणेल." माणूस हुशार होता, हे मला कबूल करायला हवं. मला त्याचा राग यायचा तो त्याच्या हुशारीचा नाही, घाईचा.

दोन वाक्यं भरायची होती. यंत्र चालू केलं की "आलास? ये." बंद करताना "जाऊन ये." घरी येणारा "आलो" म्हणतो, घरातलं माणूस "आलास?" म्हणतं. जाणारा "येतो" म्हणतो, घरातलं माणूस "जाऊन ये" म्हणतं. एकाने म्हटलं की दुसऱ्याने म्हणायचंच. आमच्याकडे हे पोरांना बोलायला येतं त्याच्याही आधी येतं.

"आलास? ये," हे बाईंनी एका दमात दिलं. दुसऱ्या वाक्याला अडल्या. काचेपलीकडून मी दोनदा खूण केली. मग त्यांनी सपाता काढल्या आणि खाली गुडघे मोडून बसल्या, दारात निरोप द्यायला बसतात तशा.

"माइक खाली घे," त्या म्हणाल्या. "उभ्याने मला हे येत नाही."

मी माइक खाली घेतला. त्या म्हणाल्या, "जाऊन ये." एवढंच. मी आयुष्यभर माणसांचे आवाज भरले, पण त्या दिवशी टेप थांबवायला माझा हात उचलेना.

दुपारी उदोनच्या जाड शेवया खाता खाता त्या आपणहून बोलल्या. "त्या सकाळी आमचं वाजलं होतं. शिकवणी सोडली म्हणून. तो बूट घालून दारात उभा. म्हणाला, 'येतो.' मी रेडिओ मोठा केला. पुन्हा म्हणाला, 'आई, येतो म्हटलं.' मी काकडी चिरत राहिले. मग दार वाजलं."

मी त्यांच्या पेल्यात चहा ओतला.

"तो शब्द तेव्हापासून इथे अडकलाय," त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं. "आता घराघरात रोज संध्याकाळी मी म्हणणार, जाऊन ये, जाऊन ये. इतक्यांदा म्हटल्यावर त्यातला एखादा तरी त्याच्यापर्यंत पोचेल की नाही रे?"

"पोचेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

वसंतात बातमी आली की टोकियोवाल्यांचं नवं यंत्र शरद ऋतूत येणार. कादोवाकी साहेबांनी ठरवलं, आपलं त्याआधी, ओबोनच्या, म्हणजे ऑगस्टातल्या पितरांच्या सणाच्या सुट्टीत घराघरात पोचलं पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरांनी हात टेकले. चालू करताना बोलणं सोपं होतं. पण बटण बंद केलं की वीज तुटते. त्यांच्यातला एक जण म्हणालाही, "जीव गेल्यावर बोलणार कोण?" शेवटच्या शब्दापुरती वीज साठवायला वेगळा भाग हवा होता आणि त्याला वेळ लागणार होता. साहेब म्हणाले, "काढून टाका. खेळ संपल्यावर कोण ऐकत बसतंय?"

बाई जिना चढून त्यांच्या खोलीत गेल्या. मी टेपांचा खोका घेऊन तिथेच उभा होतो.

"साहेब, बोलवायचं आणि पाठवायचं नाही, असं करू नये. त्यातून ओबोन तोंडावर आलंय."

"बाई, हे खेळणं आहे. देऊळ नाही."

"देवळंसुद्धा दोन लागतात," बाई म्हणाल्या. खरंच होतं ते. आमच्या शहरात पितरांना बोलवायची घंटा एका देवळात ओढतात आणि परत पाठवायची दुसऱ्या. पहिली ओढून दुसरी विसरणारा माणूस अजून क्योतोत जन्मला नव्हता. त्यासाठी टोकियोहून साहेब आणावा लागला.

साहेबांनी खाली वाकून सांगितलं, "पुढच्या यंत्रात नक्की घालू." इतकं खाली वाकले की बाईंना कळलं, पुढचं यंत्र येणार नाही. आम्हा सगळ्यांना एकेक अकारी घरी न्यायला दिलं. बाईंनी आपलं खोक्यासकट बगलेत धरलं आणि त्या दिवशी कुणाची चेष्टा न करता घरी गेल्या.

अकारी बाजारात आलं आणि पहिले काही दिवस बरं खपलं. मग फोन सुरू झाले. ते सगळे बाईंच्याच बोर्डावर यायचे, आणि तक्रारीचं स्वरूप ठरवायला मला शेजारी दुसरा रिसीव्हर कानाला लावून बसवलं होतं. पहिली तक्रार साधी होती. बंद यंत्र "आलास?" म्हणतं. इंजिनियर म्हणाले, विजेचा अंश राहत असेल. मग तक्रार आली, तार काढून कपाटात ठेवलं तरी म्हणतं. त्यावर इंजिनियर काही म्हणाले नाहीत. ओबोन सरल्यावर तिसऱ्या तऱ्हेचे फोन येऊ लागले, आणि त्यात यंत्राबद्दल तक्रारच नसे.

वाकासाच्या किनाऱ्यावरच्या एका म्हातारीचा फोन मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. भर दुपार होती, बाहेर झाडावर किडे किरकिरत होते.

"तुमचाच आवाज ना हो तो यंत्रातला?" म्हातारीने विचारलं.

"हो आजी, माझाच."

"मग तुम्हीच बोलावलंत. सोळा तारीख होऊन गेली, गावातले सगळे पितर परत गेले. आमचे हे अजून न्हाणीत पाणी ओतताहेत. दिवसाढवळ्या. मी रागावले नाही हं. पण म्हाताऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवणं बरं नव्हे."

फोनच्या तारेत मघापासून खरखर येत होती. मी ती किनाऱ्यावरची खराब लाइन समजत होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि हातात रिसीव्हर घेऊन खाली गुडघे मोडून बसल्या.

"आजी, फोन न्हाणीकडे धरा."

"धरला."

"जाऊन या," बाई म्हणाल्या.

खरखर थांबली. लाइन इतकी स्वच्छ झाली की पलीकडे म्हातारीने नाक ओढलेलं ऐकू आलं. "गेले," ती म्हणाली. "उपकार झाले." आणि तिने फोन ठेवला. मी कानाचा रिसीव्हर काढला तेव्हा तो घामाने ओला झाला होता.

त्यानंतर बाईंचा तो नेमच झाला. कुणाचे आजोबा, कुणाची धाकटी बहीण, एका कोळ्याचा भाऊ. बाई जमिनीवर बसायच्या आणि एकेकाला वाटेला लावायच्या. बातमी फुटायची ती फुटलीच. मोठ्या कंपन्यांचे दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागले, "अकारी घ्या की, बरोबर आजोबा फुकट." कादोवाकी साहेब तणतणत खाली आले.

"तुम्ही गिऱ्हाइकांच्या घरातल्या भुतांना कंपनीतर्फे निरोप देता?"

"बोलावलं कुणातर्फे होतं?" बाईंनी विचारलं.

साहेब आले तसे वर गेले. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या घरून बाईंना एक फोन केल्याचं मला माहीत आहे, पण त्यावर मी बोलणार नाही.

शरदात टोकियोवाल्यांचं यंत्र आलं आणि आमचा दिवा फुंकर न घालताच विझला. पहिलं बर्फ पडायच्या आत अकारी दुकानांतून उठलं. उरलेली यंत्रं मोडीत काढली, साहेब टोकियोला परत गेले, आणि वसंतात बाईंनी नोकरी सोडली. त्या दोन बड्या कंपन्या पुढे कितीतरी वर्षं भांडत राहिल्या. त्यांना आम्ही कधी मध्ये येऊन गेलो याचा पत्ताही लागला नसेल.

पुढच्या ऑगस्टमध्ये, सोळा तारखेला दुपारी, मी पीच घेऊन बाईंच्या घरी फुशिमीला गेलो. त्या दिवशी सकाळी आमच्याकडे आरामे नावाचं समुद्री शेवाळ शिजवतात आणि त्याचं काळं पाणी दारात ओततात. पितरांनी मागे न बघता निघावं म्हणून. गल्लीतला प्रत्येक उंबरा ओला होता. बाईंचा एकटा कोरडा होता.

मी दार सरकवलं. "येऊ का?" म्हणायच्या आत आतून आवाज आला, "आलास? ये." आवाज बाईंचाच, पण नोकरीतल्या दिवसांचा, ताजा. मागोमाग खऱ्या बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. फार वाळल्या होत्या.

मी दाराआतल्या खालच्या फरशीवर बूट काढायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "मधे नको काढूस. बाजूला काढ."

मी बाजूला काढले. फरशी मधोमध रिकामी होती आणि तिथे पाय ठेवावासा मलाही वाटेना. फळीवर अकारी ठेवलं होतं, तार गुंडाळून, दोऱ्याने बांधलेली.

"तार जोडलेली नाही," मी म्हणालो.

"याला लागत नाही."

बाईंनी थंड शेवयांचे तीन वाडगे आणले. एक माझ्यासमोर, एक स्वतःसमोर, एक दाराच्या बाजूला. काही वेळ आम्ही जेवलो. मग मला राहवेना.

"बाई, तुम्ही सगळ्यांच्या घरची माणसं पाठवलीत. मग इथेच का बोलत नाही? एवढ्यासाठीच तर तुमचा जीव अडकला होता."

"अडकला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा बोलले नाही म्हणून जन्मभर रडले. आता बोलले की जाईल. मला काय खुळी समजतोस?"

"तो काय करतो इथे?"

"उभा असतो."

"कुठे?"

त्यांनी सुरीने दाराकडे दाखवलं. पीच सोलायला घेतला होता. "तिथेच, फरशीवर. मी जेवायला हाक मारते, वर ये म्हणते. नाही येत. बूटच काढत नाही मेला."

मी तिकडे बघितलं नाही. ऊन कडक होतं, गल्लीत कुणीतरी सायकलला तेल घालत होतं, आणि मला पाठीला गारठा लागत होता. तरी तोंडातून शब्द निघून गेले. "यंत्र 'आलास?' म्हणतं, तेव्हा तो 'आलो' म्हणतो का?"

बाईंची सुरी थांबली.

"नाही."

"एकदाही नाही?"

पीचचा रस मनगटावरून ओघळला तरी त्यांनी पुसला नाही. मग त्या मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलल्या. "म्हणजे तो आलेलाच नाही. बूट घालून उभा आहे तो. अजून निघतोच आहे. 'येतो' म्हणाला, आणि मी काय म्हणते त्यासाठी थांबलाय. त्या सकाळपासून." आणि थोड्या वेळाने, "मी घरात ठेवून घेतलाय म्हणत होते. मी त्याला दारात उभं केलंय रे."

मला माझी जीभ चावावीशी वाटली. बाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. डब्यातून आरामे काढून भिजत घातलं, मग चुलीवर चढवलं. घरभर समुद्राचा वास पसरला. त्या मधूनमधून ढवळत होत्या आणि एकदा डोळे पुसत होत्या, एकदा कपाळ. उन्हं उतरली. गल्लीतून लोक नदीकडे निघाले, डोंगरावर पेटणारी निरोपाची आग बघायला. पोरांच्या चपलांचा आवाज दारावरून गेला.

बाई भांडं घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. ते बाजूला ठेवलं, फरशीच्या वरच्या कडेशी गुडघे मोडून बसल्या आणि हात पुढे टेकले.

"योइची," त्या म्हणाल्या. आवाज फोनवरचा नव्हता, दारावरच्या घंटेतला नव्हता, यंत्रातला तर नव्हताच. साधा, बसका, म्हाताऱ्या बाईचा होता. "शिकवणी गेली खड्ड्यात. गाडी सावकाश चालव. जाऊन ये."

दार सरकलं नाही. मी बघत होतो, ते बंदच राहिलं. फक्त दाराच्या काचेतून फरशीवर जो उजेड पडला होता तो मधोमध एकदम पसरला, समोरून कुणी बाजूला झालं की पसरतो तसा. तोवर तिथे सावली होती हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी उठून दार उघडलं आणि काळं पाणी उंबऱ्यावर ओतलं. मग तिथेच बसून मोठ्याने रडल्या, शेजारपाजार न बघता. मीही रडलो. मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि भीती अजून गेली नव्हती.

निघताना त्यांनी अकारी कापडात बांधून माझ्या हातात दिलं. "हे ने बाबा तुझ्याकडे. मला आता कुणाला बोलवायचं नाही." त्या निरोपानंतर त्यांच्या घरी ते पुन्हा बोललं नव्हतं, आणि माझ्या कपाटातही इतकी वर्षं गप्प राहिलं. बाई अंगाने भरल्या, पुन्हा माझ्या शर्टाच्या मागे लागल्या, आणि चांगल्या म्हाताऱ्या होऊन गेल्या.

यंदा त्या गेल्यानंतरचं त्यांचं पहिलं ओबोन. ते सगळं रीतसर पार पडलं. त्यानंतरच्या एका सकाळी मला छातीच्या तपासणीसाठी इस्पितळात जायचं होतं. मी एकटा राहतो. एकटी राहणारी माणसंही निघताना रिकाम्या घराला "येतो" म्हणतात, सवय असते. मी बूट घातले आणि म्हणालो, "येतो."

कपाटातून उत्तर आलं, "जाऊन ये."

ते वाक्य त्या यंत्रात नाही. कधीच नव्हतं. ते काढताना टेपांचा खोका माझ्याच हातात होता. पण आवाज बाईंचा होता, खाली बसून काढलेला, मऊ. खोटं कशाला सांगू, मला आधी फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

दाराला हात लावला आणि मग आठवलं, बाईंनी हा शब्द आजवर ज्यांना ज्यांना म्हटला, त्यांत जिवंत कुणीच नव्हतं. मी बूट काढले, वर आलो, आणि आज जमणार नाही म्हणून इस्पितळाला फोन केला.

तेव्हापासून घराबाहेर पडताना मी "येतो" म्हणत नाही. चोरासारखा निघतो. परत आल्यावर मात्र फरशीवर उभा राहून आधी बूट काढतो, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "आलो" म्हणतो.